शेवटची सुई

सुई टोचली तेव्हा बबिता कशावरून तरी हसत होती, आणि कशावरून ते तिला नंतर कितीही डोकं खाजवलं तरी आठवलं नाही. यवतमाळच्या लोहाऱ्यात भाऊबहीण राहायची त्या दोन खोल्यांत दुपारचं ऊन उंबऱ्याच्या आत आलं होतं. भाऊ इंद्रजीत कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता, आणि डोळ्याच्या तपासणीसाठी तांड्यातून आलेली आई, मानीबाई, भिंतीला टेकून आरशांची पिशवी टाचत बसली होती. पिशवी बबिताच्या नर्सिंगच्या पुस्तकांसाठी. असली लाल-निळी, कवड्या लोंबणारी पिशवी खांद्याला अडकवून कॉलेजात जायची बबिताला लाज वाटायची, आणि तसं आईला सांगायची त्याहून जास्त लाज वाटायची, त्यामुळे पिशवी बिनबोभाट मोठी होत चालली होती. मधेच आईच्या बोटाला सुई लागली. तिनं बोट तोंडात घातलं, सुई पदराला पुसल्यासारखी केली, आणि दोरा संपला होता म्हणून ती तशीच लेकीपुढे धरली. मोतीबिंदू काढल्यापासून तिला लांबचं लख्ख दिसे, जवळचं नाही. दोरा ओवायचं काम बबिताचं. तिनं न बघता हात पुढे केला आणि सुई पेरात शिरली. रक्ताचा बारीक मणी वर आला. "लागली काय वं?" आईनं विचारलं. "नाही," बबिता म्हणाली, दोरा ओवून दिला, आणि तहान लागल्याचं सोंग करून मोरीत गेली. नळाखाली बोट धरून ती साबण लावत राहिली. पिळायचं नाही, चोखायचं नाही, वाहत्या पाण्याखाली धरायचं. हे तिला पाठ होतं.

वॉर्डात बबिता सुयांच्या बाबतीत भलतीच कडक. वापरलेल्या सुईला टोपण लावणाऱ्या वर्गमैत्रिणीवर ती खेकसायची, सुई कधी कुणाच्या हातात द्यायची नाही, ट्रेमध्ये ठेवायची आणि मग दुसऱ्यानं उचलायची. सिस्टर तिचं उदाहरण द्यायच्या. पण तो सगळा शहाणपणा पांढऱ्या गणवेशात राहायचा, आणि गणवेश दाराआड खुंटीला टांगलेला होता. घरात सुई म्हणजे हातातून हातात फिरायची वस्तू. आजीच्या हातातून आईच्या, आईच्या हातातून मावशीच्या, चार बायका एका घागऱ्याला चार बाजूंनी टाचताहेत आणि तीच सुई, तेच बोलणं फिरतंय. मीठ हातावर देऊ नये, भांडण होतं, हे तिला लहानपणी कुणीतरी बजावलं होतं. सुईचं कुणी काही सांगितलं नव्हतं. आणि आता आईच्या रक्तात काय आहे हे घरात सगळ्यांना माहीत असताना, सगळ्यांत जास्त तिला माहीत असताना, तिनं हात पुढे केला होता. शिकलेल्या माणसाची अक्कल अशी ऐन वेळी शेण खाते.

आईच्या रक्तातलं कळलं ते मागच्या वर्षी, डोळ्यामुळे. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात तसं तपासलं, आणि हेपॅटायटिस बी निघाला. बी ची कावीळ. अंगावर पिवळेपणा नाही, ताप नाही, भूक चांगली, कापूस वेचायला गेली तर तांड्यातल्या तरण्या सुनांना मागे टाकेल अशी बाई, आणि रक्तात हे कधीचं मुक्कामाला. डॉक्टर म्हणाले, बहुतेक जन्मताना आईकडूनच आलं असेल, आता घरातल्या सगळ्यांचं तपासून घ्या. तपासलं. वडील देवसिंग सुटले. इंद्रजीतच्या रक्तात निघाला. बबिताच्या नाही. दवाखान्याच्या त्या लांबट व्हरांड्यात, फिनेलच्या वासात, आपलं कोरं नाव ऐकल्यावर तिच्या पोटात आनंदाची उकळी फुटली होती, आणि दुसऱ्याच क्षणी शेजारी उभ्या असलेल्या भावाचा शर्ट दिसला होता. कारखान्यातून परस्पर आलेला, खांद्यावर कापसाचा धागा चिकटलेला. त्यानंच तिच्या डोक्यावर टपली मारली. "बरं झालं, घरात एक तरी कोरी निंगाली."  गाडीत बसल्यावर, यवतमाळ मागं पडल्यावर, आई कुणाकडेच न बघता म्हणाली, "याले मीच देल्लं काय?" देवसिंगनं खिडकीची काच उगीच वर-खाली केली.  इंद्रजीत ऊसतोडीच्या कोपीवर जन्मला होता, गावापासून कुठल्या कुठे, पाचटाच्या भिंतींत. तिथं विळा होता, ऊन पाणी होतं, बाळंतपण करणारी एक म्हातारी होती. लस नव्हती. बबिताच्या वेळी दिवस पावसाळ्यात भरले, म्हणून आई दारव्ह्याच्या दवाखान्यात बाळंत झाली, आणि जन्मल्याबरोबर कुणीतरी त्या लालभडक मांसाच्या गोळ्याला पहिली सुई टोचली. पुढच्या सुया उपकेंद्रात. सगळा फरक एवढाच. एक पोर हिवाळ्यात जन्मलं आणि एक पावसाळ्यात.

म्हणून तर मोरीत उभं राहून तिला भीती वाटली ती नुसती काविळीची नव्हती. इंद्रजीत ठणठणीत होता, सहा महिन्यांनी तपासून घ्यायचा, हसून परत यायचा. यकृत चांगलं आहे, फक्त लक्ष ठेवायचं, असं डॉक्टर सांगायचे. भीती होती ती आईची. पहिल्या लेकराला आपण दिलं हे तिनं कसंबसं गिळलं होतं. आता दुसऱ्यालाही दिलं, तेही कोरं निघालेलं, नर्सिंगला गेलेलं, आणि ते आपल्या हातातल्या सुईनं, हे जर तिला कळलं तर ती बाई पुन्हा कधी कुठल्या लेकराच्या अंगावरून हात फिरवणार नाही. बबिताला हे असं स्पष्ट दिसलं. त्यात आणखी एक काटा होता. उन्हाळ्यात कॉलेजनं सगळ्या मुलींची लसीची ताकद तपासली होती, म्हणजे लहानपणच्या लसीनं रक्तात तयार झालेलं संरक्षण किती उरलं ते. दहाच्या वर पाहिजे. बबिताचं दहाच्या खाली आलं. तिचं एकटीचं नाही, अर्ध्या वर्गाचं. ज्यांना पाळण्यात असताना लस मिळाली त्यांचं मोठेपणी असं खाली येतंच, घाबरायचं कारण नाही, एक डोस देऊ, असं सांगितलं होतं. डोस द्यायला सिस्टर ज्या दिवशी वर्गावर आल्या त्या दिवशी बबिता तांड्यात तीजच्या सणाला उगवलेल्या गव्हाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन नाचत होती. परत आल्यावर परीक्षा, मग ड्युटी, मग आज करू उद्या करू. लहानपणी कुणीतरी अंगात भरून ठेवलेलं इतकी वर्षं बसून खाल्लं होतं, आणि नेमकं आता हंड्याचा तळ लागला होता. निदान तिला तसं वाटलं.

संध्याकाळी तिनं कशफला गाठलं. कशफ तिच्या वर्गातली, बाप जफरमियाँ लोहाऱ्याच्या वाटेवर ट्रकचे गिअरबॉक्स दुरुस्त करायचे, आणि पोरगीही बोलण्यात तशीच, खोललं की आतलं सगळं बाहेर. बबिता बरंच आडून आडून सांगत होती. माझ्या एका ओळखीच्या मुलीला, असं सुरू केलं होतं. कशफनं तिचं बोट धरून उजेडात नेलं. "ओळखीची मुलगी म्हणे. पागल झाली काय तू? चल अब्बी." "आईले माहीत नाही पडलं पाह्यजे." "तुह्या आईले मी काय फोन लावून राह्यली? चल म्हणते ना." आणि तिनं बापाच्या दुकानातून स्कूटी काढली आणि बबिताला मागे बसवून थेट वॉर्डात नेलं. पुढे कितीतरी दिवस बबिताला त्या स्कूटीचा धक्का आठवायचा, कशफच्या ओढणीला येणारा ग्रीसचा आणि अत्तराचा मिळून वास, आणि आपण मागे बसून मनातल्या मनात तिचे पाय धरत होतो ते. अशी माणसं नसती तर बबिता आणखी आठवडाभर बोट चोळत बसली असती.

त्यांना शिकवणाऱ्या प्रेरणा मॅडम वॉर्डात होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. फक्त "घरची सुई" हे ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. रक्त काढून घेतलं आणि तिथल्या तिथे दंडात एक डोस दिला. बबिता म्हणाली, "मॅडम, माझं दहाच्या खाली होतं. म्हणजे आता काहीच नाही ना अंगात?" मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडे शेत आहे ना? उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, म्हणून काय झरा मेला म्हणता तुम्ही? रक्तातला आकडा म्हणजे वरचं पाणी. ते कमी होतं, सगळ्यांचंच होतं. पण शरीरानं एकदा हा रोग नीट ओळखून ठेवला असेल तर तो पुन्हा दिसल्याबरोबर ते कामाला लागतं. आता हा डोस दिला, महिन्याभरानं बघू. सगळे डोस झाले होते ना लहानपणी?" बबिता हो म्हणाली. "नक्की?" ती पुन्हा हो म्हणाली, पण हा दुसरा हो अर्धाच निघाला. आई म्हणते तेवढ्यावरून. सुया पूर्ण झाल्या, असं आई नेहमी म्हणायची, हात उडवून, जशी पेरणी झाली म्हणतात तशी. आई तर सगळ्यालाच हो म्हणते.

तो महिना विचित्र गेला. वरून पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं. बबिता ड्युटीला जात होती, खाटा लावत होती, बाळंतिणींना चालवत होती. पण आतल्या आत ती आपल्या अंगाशी कान लावून बसली होती. दंड दुखला तेव्हा बरं वाटलं, चला, काहीतरी चाललंय. थांबला तेव्हा जीव खाली-वर. जेवताना अन्नावर वासना नसली की काविळीचं पहिलं लक्षण आठवायचं, आणि मग ध्यानात यायचं की कॉलेजच्या मेसमध्ये दोडका आहे, त्याच्यावर वासना कुणाचीच नसते. आई दोनच दिवसांत तांड्यात निघून गेली होती, तपासणी झाली, शेतात कापूस फुटलाय म्हणाली. पिशवी अर्धीच राहिली. जाताना तिनं लेकीच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली नाहीत, नुसती बसच्या खिडकीतून मान हलवली, आणि बबिताला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिला आपलंच पडलं होतं. लसीकरणाच्या वॉर्डात ड्युटी लागली तेव्हा मात्र तिची नजर फिरली. तिथं बाया रांगेत बसलेल्या असत. पोरं मांडीवर. सुई टोचली की पोर आधी श्वास धरतं, तोंड उघडतं, आवाज मागून येतो. आई त्याला छातीशी दाबते आणि टोचणारीकडे अशी बघते की जसं हिनंच काहीतरी हिसकावून नेलं. बबिता पोरांच्या तंगड्या धरायची. त्या लुसलुशीत मांड्या हातात धरताना तिला एकदम वाटलं, माझीही अशीच कुणीतरी धरली असेल. त्या बाईचं नाव मला माहीत नाही. जन्मल्या दिवशी टोचणारीचंही नाही. त्यांनी त्या दिवशी कितीतरी पोरं टोचली असतील, घरी जाऊन भाकरी थापल्या असतील, आणि मी त्यांच्या एका सकाळवर इतकी वर्षं जगत आले. तिचा ऊर भरून आला. समोरच्या बाईनं विचारलं, "काय झालं वं सिस्टर, तुमीच कायले रडून राह्यल्या?" "काही नाही, तुमचं पोरगं जोरात लाथ मारते," ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर रिपोर्ट आला. मॅडमनी तो आधी स्वतः वाचला आणि मग चष्मा काढला. आजार नाही. आणि संरक्षणाचा आकडा दहा नाही, शंभर नाही, हजाराच्या घरात चढलेला. "पाहिलं? नवख्या अंगाला पहिल्याच डोसात हे जमत नाही. तुझ्या शरीराला सगळं आठवत होतं. लहानपणच्या सुया कुणीतरी चोख पूर्ण केल्यात." मग म्हणाल्या, "सहा महिन्यांनी एकदा पुन्हा बघू, रीत म्हणून. पण मी तुझ्या जागी असते तर आज घरी जाऊन चांगली झोपले असते." बबिता झोपायला गेली नाही. तिला आईकडे जायचं होतं. आता सांगता येत होतं. भिण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून खरं बोलायची हिंमत आली होती. बहुतेकांची हिंमत अशीच असते. रविवारी इंद्रजीतला सुटी होती, तो तिला मोटारसायकलवर घेऊन तांड्याकडे निघाला. वाटेत, दारव्ह्याच्या अलीकडे, तिनं त्याच्या पाठीमागून ओरडून सगळं सांगितलं. वाऱ्यात त्याला अर्धं ऐकू आलं. त्यानं रस्त्याच्या कडेला तुरीजवळ गाडी घेतली आणि पूर्ण ऐकलं. "चांगलं झालं," तो म्हणाला. "लय चांगलं झालं, बबी." आणि गाडीला किक मारली.

तांड्याच्या तोंडाशी ऊसतोडीचा ट्रक उभा होता. भांडी, गाठोडी, सरपण, दोन शेळ्या आणि माणसं चढत होती. बबिताचं घर ट्रकच्या अगदी समोर. आई ओट्यावर तूर पाखडत होती, वडील देवसिंग खाटेवर दोर वळत बसले होते. बबिता आईजवळ बसली आणि सांगायची जुळवाजुळव न करता बोलून मोकळी झाली. घरात ते बंजाऱ्यांच्या गोर बोलीतच बोलायचे, पण शहरातून आल्यावर पहिल्या घटकेला पोरांच्या तोंडी वऱ्हाडीच यायची आणि आईही तशीच उत्तर द्यायची. आईला हाक तेवढी याडीच. "याडी, त्या दिवशी मले तुही सुई लागलती." सूप थांबलं नाही. "मले माहीत हाय." "तू पाह्यलं?" "पाहाले कायले पाह्यजे? नळ केवढा वेळ चालू होता. तहान लागलेलं मानूस एवढा साबन लावते काय?" मग सूप थांबलं. "तवापासून म्या सुई हाती धरली नाही. पोहरादेवीले नवस बोलली. रोज वाटे, आज फोन येते, उद्या येते." तिचा आवाज सरळ होता, पण तुरीच्या दाण्यांवर टपटप पाणी पडत होतं. बबिताच्या लक्षात आलं, महिनाभर आपण एकटेच भीत नव्हतो. बसच्या खिडकीतून नुसती हललेली ती मान तिला आता दिसली. "मले काही नाही झालं," ती घाईघाईनं म्हणाली. "रिपोर्ट आला. मॅडम म्हणे, लहानपणच्या सुया अजून अंगात जाग्या हायेत. कोणंतरी चोख पुऱ्या केल्या म्हणे."

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि ट्रककडे बघितलं. "पुऱ्या कशा नाही करीन," ती म्हणाली. "असाच टरक उभा होता. तुही शेवटची सुई बाकी होती. उपकेंद्रातली वच्छलाबाई सिस्टर म्हणे, एवढी एक होऊ दे, मंग कुठंबी जाय. अन् सुईचा दिवस अन् टरकाचा दिवस एकच आला. शंकरसिंग मुकादम हार्न वाजोयेवर वाजोये. म्या म्हटलं, वाजव. म्या नाही चढत." देवसिंग खाटेवरून म्हणाले, "शिव्या मले पडल्या. बायको आवरत नाही म्हणे तुले, देवसिंग. आख्खा टरक थांबोला हिनं." "मंग थांबोला तं थांबोला," आई म्हणाली. "या इंद्रजीतच्या वेळी कोणी सांगणारं नव्हतं. आता सांगणारं होतं, अन् मीच गेली नसती तं?" इंद्रजीत गाडी पुसत होता. आई त्याच्याकडे न बघता पुढे बोलली. "हा बी आलता संगं. चार वरसाचा. तुले टोचली तं हा सिस्टरच्या पुढं दंड काढून उभा. मले बी दे म्हणे. सिस्टर हासली, आमी बी हासलो. तू मोठा झाला रे म्हणे आता, ही लहान्यायची असते."  ट्रकवर कुणीतरी शेळीला ओढत होतं. इंद्रजीतनं फडकं पिळलं. "मले सुई नव्हती पाह्यजे," तो म्हणाला. "तिले टोचली म्हणून सिस्टरनं तुह्या हाती बिस्कुट देल्लं. मले ते पाह्यजे होतं." आणि तो स्वतःच हसला. आईही हसली, पण तिला ते पुरं जमलं नाही. "मंग टरकात तुही मांडी सुजली," ती बबिताला म्हणाली. "हात नाही लावू दे. हा माह्या मांडीवर झोपे रोज, नाही तं डोळा नाही लागे याचा. त्या दिवशी आपल्या मनानंच उठला अन् गाठोड्यायवर जाऊन बसला. तिचा पाय लंबा होऊ दे म्हणे. पार उसाच्या मुलखापर्यंत तसाच बसून."

तांड्यात लेक आईचे उपकार उघड बोलते ती एकदाच. लग्न होऊन निघताना, ढावलो म्हणताना, एकेकाच्या गळ्यात पडून, रडत आणि सुरात. एरवी घरात कुणी कुणाला धन्यवाद वगैरे म्हणत नाही. म्हटलं तर परक्यासारखं वाटतं. बबितानं लहानपणापासून कितीतरी नवऱ्या तशा रडताना पाहिल्या होत्या आणि कॉलेजात गेल्यापासून तिला ते जरा जुनाट वाटायला लागलं होतं. आता तिनं आईच्या गळ्यात हात टाकले, बोलायला तोंड उघडलं, आणि शब्द आले नाहीत, तो सूर आला. "याडी ये" असं लांबच लांब, कुणी न शिकवलेलं. तिच्या आईनं तिला आपल्याच रक्तापासून वाचवलं होतं. न कळता, ट्रक थांबवून, शिव्या खाऊन. हे सुरात कसं बसवायचं ते तिला येत नव्हतं, तरी ते बसत गेलं. ट्रकवरच्या बायका वाकून बघायला लागल्या. "अवं चूप," आई तिच्या पाठीवर थापट्या मारत म्हणाली, "लोक म्हणतीन, पोरीचं लगन लावून राह्यले अन् आमाले बलावलं बी नाही. लगनासाठी ठेव काई." पण ढावलोची रीत अशी की एकाच्या गळ्यातून सुटलं की दुसऱ्याच्या गळ्यात पडायचं. बबिता उठली आणि ओलं फडकं हातात घेऊन उभ्या असलेल्या भावाच्या गळ्यात पडली. तो पुरता गोंधळला. हात कुठं ठेवावे ते त्याला कळेना.

"मले कायले?" तो म्हणाला. "म्या काय केलं?"

"याडीची मांडी देल्ली," ती म्हणाली.